चाकूची पाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला युरोपातल्या शिकारी चाकूंवरचा लेख मी दोनदा वाचला. त्यात जर्मनीतल्या झोलिंगेन या चाकू-कात्र्यांच्या गावाचं नाव दिसलं म्हणून एकदा, आणि एका विधानामुळे मन खट्टू झालं म्हणून दुसऱ्यांदा. एकच कारागीर तापलेलं पोलाद ऐरणीवर ठोकून सबंध चाकू घडवतो, असं लेखकाने लिहिलं आहे. चाकूचं हस्तकौशल्य म्हणजे ते ठोकणं, असा लेखाचा सूर आहे. मी २६ वर्षं झोलिंगेनमध्ये राहते. त्यातली बरीच वर्षं कात्र्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात गेली, आणि गेली ११ वर्षं फावल्या वेळात मी मिटणारे शिकारी चाकू हाताने बनवते. म्हणून हे पत्र.

या गावात चाकू एका माणसाचा कधीच नव्हता. लोहार पातं घडवायचा, दुसरा त्याला पाणी द्यायचा, म्हणजे तापवून-विझवून कडक करायचा, तिसरा वुपर नदीकाठच्या पाणचक्कीवर ते घासायचा आणि चौथा सगळे भाग जुळवून चाकू पुरा करायचा. या घरातून त्या घरात माल पोचवायच्या बायका. डोक्यावर पात्यांनी भरलेली टोपली घेऊन त्या डोंगरउतार चढायच्या. ऐरणीची जागा तर यांत्रिक घणांनी केव्हाच घेतली. १८८६ मध्ये सुरू झालेला हेंड्रिक्सचा घडाई कारखाना १९८६ पर्यंत चालला. आज तिथे संग्रहालय आहे. तो घण पडतो तेव्हा पायाखालची फरशी हादरते. साच्यात एका ठोक्यात कात्रीचा आकार उमटलेला पाहिला, की घडाईबद्दलच्या आपल्या कल्पना बदलतात.

मग हात कुठे लागतो? घासण्यात लागतो, हे लोकांना निदान ऐकून माहीत असतं. पण मिटणाऱ्या चाकूचा खरा कस लागतो तो चौथ्या माणसाकडे. त्याला इथे रायडर म्हणतात. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

मला शिकवलं ते आमच्या गल्लीतल्याच एका निवृत्त रायडरनी. घरामागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं बाक होतं. त्यावर व्हाइस, छोटी ऐरण आणि भिंतीला ओळीने टांगलेल्या कानशी. पहिला सबंध हिवाळा त्यांनी मला पात्याला हात लावू दिला नाही. स्प्रिंगा घासायला दिल्या. मी मुकाट्याने घासत राहिले.

साध्या मिटत्या चाकूच्या पाठीला पोलादाची एक पट्टी असते, तीच स्प्रिंग. तिचं पुढचं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसतं. त्या बुडाला दोन सपाट टेकण्या असतात, एक चाकू उघडा असतानाची आणि एक मिटलेला असतानाची. मधला भाग असा घासायचा, की पातं फिरताना स्प्रिंग सारखी चढावी आणि सारखीच उतरावी. आता चाकू उघडा असो वा मिटलेला, पाठीवरून नख फिरवलं तर ते कुठेही अडकता कामा नये. पितळी अस्तर, म्हणजे मुठीच्या आतली पातळ पट्टी, मग स्प्रिंग, पुन्हा अस्तर, सगळं एका पातळीत. एका टेकणीवरून केसभर जास्त घासलं गेलं, की स्प्रिंग खाली बसते आणि पाठीवर खळगा पडतो. घासलेलं पोलाद परत लावता येत नाही. मग दुसरी टेकणी, अस्तर, स्प्रिंगची पाठ, सगळंच त्या चुकीमागे खाली आणत जायचं, किंवा तुकडा फेकून द्यायचा. मी पहिल्या हिवाळ्यात १४ तुकडे फेकले. मी आता डायल इंडिकेटर लावते, केसभर फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र. माझे माइस्टर, म्हणजे मला शिकवणारे ते रायडर, अंगठ्याचं नख लावायचे आणि त्यांचं नख माझ्या यंत्राइतकंच खरं सांगायचं.

स्प्रिंगमध्ये ताण किती ठेवायचा हा दुसरा प्रश्न. मधली रिव्हेट बसवण्याआधी स्प्रिंग थोडी फुगलेली ठेवतात आणि दाबून भोकाशी भोक जुळवतात. ती फूग कमी झाली तर पातं लुळं पडतं, जास्त झाली तर उघडताना नख तुटतं. पाणी द्यायची रीतही पात्याची आणि स्प्रिंगची वेगळी. मी ०.७५ टक्के कार्बनचं साधं पोलाद वापरते. ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवलं, की ते काचेसारखं ठिसूळ होतं. मग पातं २०० अंशांच्या जवळपास पुन्हा शेकायचं. त्यावर गवती पिवळा रंग चढतो आणि धार टिकण्याजोगा कडकपणा राहतो. स्प्रिंग मात्र ३०० अंशांपर्यंत न्यायची, निळी होऊ द्यायची, म्हणजे ती वाकून परत येते. पोलाद एकच, पण स्प्रिंग पिवळ्यावर थांबवली तर पहिल्याच हिवाळ्यात मोडते. माझी मोडली आहे.

शिकारी चाकूला बहुधा पाठीत लॉकही असतं. शिकाऱ्याचा हात जनावराच्या पोटात, रक्ताने ओला. तिथे पातं बोटांवर मिटलं तर काय होईल ते सांगायला नको. लॉकची पट्टी मधल्या खिळीवर तराजूसारखी झुलते आणि तिचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. ती खाच किंचित निमुळती ठेवायची, म्हणजे झीज होत जाईल तसा आकडा आणखी खोल बसतो आणि पातं हलत नाही. हे माइस्टरनी मला एका जुन्या चाकूवर दाखवलं. तो इतका वापरलेला होता, की पातं धार लावून लावून अर्ध्यावर आलं होतं. लॉक तसंच घट्ट होतं.

मुठीबद्दल एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. लेखात मूठ हरणाच्या शिंगाची, एवढंच आहे. झोलिंगेनच्या मुठींना पूर्वी भारतातलं सांबरशिंग फार लागायचं. ते घट्ट असतं, आतला सच्छिद्र गाभा कमी, त्यामुळे पातळ काप निघतो. आता भारतातून त्याची निर्यात बंद आहे आणि ती बंद आहे हे योग्यच आहे. मी इथल्या तांबड्या हरणाचं शिंग वापरते. ते दरवर्षी हिवाळा सरताना आपोआप गळतं, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही. पण जंगलात पडलेलं शिंग उचलून आणता येतं असंही नाही. ज्याच्याकडे त्या भागातले शिकारीचे हक्क असतात, शिंग त्याचं. परवानगीशिवाय उचललं तर जर्मन कायद्याने ती चोरटी शिकार ठरते. मी ओळखीच्या एका वनरक्षकाकडून विकत घेते. कापताना जळक्या केसांसारखा वास खोलीत भरतो आणि भुकटी फुप्फुसांना वाईट, म्हणून मास्क लावल्याशिवाय मी करवत हातात घेत नाही. दोन बाजूंचे दोन काप एकमेकांना शोभणारे मिळायला कधीकधी अख्खी पेटी उपसावी लागते. टोकांना लावायचा धातू म्हणजे आपल्याकडच्या जुन्या ताटवाट्यांचं जर्मन सिल्व्हर, तांबं, निकेल आणि जस्ताचं. चांदी त्यात नसते.

लेखात पात्यावरच्या झोलिंगेन या नावाला हस्तनिर्मितीचा पुरावा मानलं आहे. तेही तसं नाही. त्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे आणि १९९४ चा नियम सांगतो, की घडणीचे सर्व महत्त्वाचे टप्पे या परिसरातच व्हायला हवेत. म्हणजे ते नाव गावाची हमी देतं. काम हाताने झालं की यंत्राने, याबद्दल ते काही म्हणत नाही. हात ओळखायचा असेल तर चाकू उजेडासमोर धरावा. स्प्रिंग आणि अस्तर यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसते का? मिटलेलं पातं दोन अस्तरांच्या बरोबर मध्ये आहे का? आणि मिटताना आवाज ऐकावा. नीट जुळलेला चाकू एकच, कोरडा, लहान ठोका देतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गावाच्या ६५० वर्षांच्या उत्सवात सुरीहल्ल्यात तीन माणसं गेली. त्या चौकातून मी रोज जाते. त्यानंतर जर्मनीत जत्रा आणि सार्वजनिक समारंभांत कुठलाही चाकू बाळगायला बंदी आली. माझाही चाकू आता घरी राहतो आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आपल्या लेखातल्या चौकटीत सगळेच लॉकवाले चाकू जर्मनीत २००८ पासून बेकायदा आहेत असं छापलंय, ते दुरुस्त करावं. त्या वर्षी बंधन आलं ते सबळ कारणाशिवाय जवळ बाळगण्यावर, आणि मिटत्या चाकूंपैकी एका हाताने उघडून लॉक होणाऱ्यांवर. पात्यावरच्या खाचेत नख घालून दोन हातांनी उघडायचा पारंपरिक शिकारी चाकू त्यात बसत नाही.

माझे माइस्टर आता नाहीत. त्यांच्या कानशी माझ्याकडे आहेत, तीन तर अजून त्यांनीच बसवलेल्या मुठींच्या. रायडरचं काम शिकायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय कुणी आलं नाही, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. म्हणून आपल्या लेखात घणाला दोन रकाने मिळाले आणि त्यांच्या कामाला एक ओळही नाही, हे मला फार लागलं.

एक विनंती आहे. लेखासोबतच्या चारही छायाचित्रांत चाकू उघडा आहे, पात्यावर प्रकाश टाकलेला. दुरुस्ती छापाल तेव्हा एक छायाचित्र मिटलेल्या चाकूचं छापा, पाठीच्या बाजूने घेतलेलं. हवं असल्यास मी पाठवते.

आपली,
एक वाचक, झोलिंगेन, जर्मनी