पेंटबॉलच्या गोळ्या मोजून द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहते, घरी पापड-लोणच्यांच्या ऑर्डरी घेते. माझी धाकटी मुलगी गेल्या वर्षीपासून पेंटबॉल खेळते, म्हणजे हवेच्या बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ. वाढदिवसाला गंमत म्हणून खेळतात तसं नव्हे, पाच जणींचा संघ करून स्पर्धेत. खेळ चांगला आहे. हवा भरलेल्या आडोशांमागून वाकून धावायचं, मैत्रिणीने ओरडून सांगितलेली जागा ध्यानात ठेवायची आणि अंगावर रंग फुटला की हात वर करून मुकाट्याने बाहेर यायचं. हे शेवटचं मला फार आवडतं.

खर्चाचं मात्र काही खरं नाही. ठाण्यापलीकडच्या एका मैदानावर या मुली नवोदितांच्या स्पर्धेला गेल्या, त्याचा हिशेब माझ्या वहीत आहे. प्रवेश फी 4000, पाच जणींच्या मार्करचं (गोळ्या मारायची बंदूक) आणि मास्कचं भाडं 2000, रिक्षा 900 आणि 2000 गोळ्यांचा खोका 12,000. एकूण 18,900 रुपये, म्हणजे प्रत्येकीला 3780. माझ्या मुलीला महिन्याला स्टायपेंड मिळतो 9000. गोळ्या बाहेरून आणायला मनाई, मैदानावरच्याच घ्यायच्या.

समोरच्या संघाकडे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक मार्कर होते. सेकंदाला दहा गोळ्या धरल्या तरी 200 गोळ्यांचं हॉपर, म्हणजे मार्करवरचा गोळ्यांचा डबा, वीस सेकंदांत रिकामं होतं. सहा रुपये गोळीच्या भावाने वीस सेकंदांत 1200 रुपये उडाले! आमच्या मुली एकेक गोळी जपून मारत होत्या, त्यांना आडोशाबाहेर डोकं काढायची सोय नव्हती. नवोदितांची स्पर्धा म्हणायची आणि पैशाने तोफखाना लावू द्यायचा, हा अन्याय आहे.

त्यातही गोळ्या सादळलेल्या. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, ते दमट हवेत ओल ओढून घेतं. पापड सादळला की हाताला कळतो, तशीच ही गोळी चिमटीत घेतली की मऊ लागते, गोलाई बिघडलेली असते. अशी गोळी नळीतच फुटते, मग पुढच्या चार-पाच भलतीकडे जातात. पोरीला वाटलं, आपल्यालाच नेम जमत नाही. घरी आल्यावर उरलेल्या गोळ्या ताटात ओतून मीच तिला दाखवलं, एकसारख्या दहासुद्धा नव्हत्या. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत हा माल हवाबंद डब्यात ठेवायला नको का? नवख्यांच्या माथी उरलेला खोका मारू नये, एवढं तरी आयोजकांनी पाळावं.

मुलीनेच मला सांगितलं की पेंटबॉलचा पहिला सामना 1981 साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात झाला. झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची रंगाची पिस्तुलं घेऊन बारा जण उतरले होते. जिंकला तो एक जंगल-कामगार, सगळे झेंडे गोळा करून, एकही गोळी न झाडता. या खेळाची सुरुवातच अशी आहे, मग नवख्यांना तो तसा का शिकवू नये? त्यांच्या गटात फक्त पंप मार्कर ठेवा, दर गोळीला दांडा ओढावा लागणारे. प्रत्येकाला सामन्याला पन्नासच गोळ्या, मैदानाने मोजून दिलेल्या, दोन्ही संघांना सारख्या. चार सामन्यांना पाच जणींच्या मिळून हजार गोळ्या होतात, खोक्याचा खर्च तिथेच निम्मा.

सामानासाठी आपल्याकडे चांगली रीत आहे. शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर कितीतरी मुलं क्लबच्या किटबॅगमधले पॅड बांधून क्रिकेट शिकली. तसा एका मैदानाने दहा मार्करांचा संच नवख्यांसाठी राखून ठेवावा. मास्कमध्ये मात्र काटकसर नको. गोळी सेकंदाला 300 फुटांपर्यंतच्या वेगाने सुटते, प्रश्न डोळ्यांचा आहे. भाड्याने मिळालेल्या मास्कची काच चरे पडून इतकी धुरकट होती की माझ्या मुलीला समोरचा आडोसासुद्धा धूसर दिसत होता.

मुंबईत बॉक्स क्रिकेटची टर्फं गल्लोगल्ली झाली आहेत आणि सकाळी त्यातली बरीच रिकामी असतात. तिथे पेंटबॉल खेळता येईल. आहे ती जाळी मात्र चालणार नाही, कारण गोळी जेमतेम 17 मिलिमीटरची, क्रिकेटच्या जाळीतून ती आरपार जाते. बारीक जाळी आतून लावावी लागेल. रंगाची धास्ती नको, तो पाण्याने धुतला जातो, मी तिचे कपडे धुते म्हणून सांगते. एखाद्या टर्फवाल्याने रविवारची सकाळ दिली तरी घोडबंदरपलीकडची फेरी वाचेल.

आमच्या बिल्डिंगमधल्या बारावी झालेल्या दोघी जणी 'आम्हालाही ने ना, ताई' म्हणून हिच्या मागे लागल्या आहेत. वहीतला हिशेब बघून ती त्यांना अजून हो म्हणालेली नाही.

आपली,
एका खेळाडूची आई, भांडुप