बारा कोटींची फाइल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताट तसंच ठेवून स्टँडवर गेलीस, त्यावरून तुझी आई माझ्याशी अजून धड बोलत नाही. फोन केला तर आपलं दोघांचं पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसलो. बँकेला तारण द्यायच्या घराच्या कागदांचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवलंय.

नव्या मशीनच्या कर्जासाठी बँकेला द्यायची तुझी फाइल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, सीएमएचे, म्हणजे पुढच्या वर्षांच्या अंदाजाचे, तक्तेसुद्धा. कुठल्या जॉबवर मशीनच्या तासाला किती सुटतात हे इतकं स्वच्छ मांडलेलं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाकडं पाहिलेलं नाही. सगळ्यांत जास्त ट्रॉल्या भरून जाणारा तो फ्लँज तुझ्या यादीत तळाला आहे आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर होणारा छोटा बुश वरून दुसरा. मामांना दाखवलं तर ते कितीतरी वेळ कागद हातात धरून उभे होते. "पोरीनं बरोबर पकडलंय," म्हणाले.

पण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंयस, "तीन वर्षांत उलाढाल 6 कोटींवरून 12 कोटी." तिथं माझं अडतं. उलाढाल वाढवायला काही लागत नाही गं, भाव पाडला की ऑर्डरी येतात. आज 6 कोटींवर 90 दिवसांची उधारी धरली तर दीड कोटी बाजारात अडकलेत. 12 कोटींना तीन कोटी अडकतील. म्हणजे मशीनच्या कर्जाखेरीज आणखी दीड कोटी फक्त वाट बघायला लागणार. सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिटची, मर्यादा बँक तेवढी वाढवेल का? वाढवली तर कशावर? तारण म्हणून आपल्याकडं दुसरं आहे काय! तिथंच ते घर येतं.

बघ, आलाच विषय. सोडतो.

चाकणच्या त्या कंपनीचं तुला माहीत आहे. 60 दिवसांचं बोलणं होतं, पैसे आले दिवाळी उलटून गेल्यावर. नफा वहीत दिसत होता, पण पगाराला आईच्या पाटल्या ठेवाव्या लागल्या. जीएसटी 20 तारखेला भरायचाच, बिलाचे पैसे आलेले असोत नसोत. तू म्हणालीस तसा आता आयकरात 43बी(एच) म्हणून आलेला नियम आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसला तर 15 दिवसांत लघुउद्योगाचे पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. नियम चांगलाच आहे, 2023-24 पासून लागूही झाला. पण मोठ्या गिऱ्हाइकाला नियमाचं पान दाखवून पुढची ऑर्डर मागायला जायचं, हे मला अजून जमेलसं वाटत नाही. तुला कदाचित जमेल. तू ज्या पद्धतीनं त्यांच्या परचेसवाल्याशी बोलतेस, ते मी दाराआडून ऐकलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या पानावर दुसरे आकडे असावेत. उधारी 90 वरून 60 दिवसांवर आणणं. तीन महिन्यांचे पगार आणि हप्ते भागतील एवढी रोकड नेहमी शिल्लक. आणि घातलेल्या भांडवलावर किती टक्के सुटतात ते. तुझ्याच हिशोबानं तिसऱ्या वर्षी 14 टक्के सुटतात, तेही दोन्ही शिफ्ट भरल्या तर. कर्ज पडतंय 10 टक्क्यांच्या आसपास. मधली फट चार टक्क्यांची. एक शिफ्ट रिकामी गेली की ती फट बुजली. मग हप्ता कुठून? पुन्हा घरावर येतं सगळं.

व्याजाचंही तसंच. आपल्यासारख्यांची फ्लोटिंग कर्जं ऑक्टोबर 2019 पासून बाहेरच्या दराला बांधली गेली, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर, धरला. तो रेपो मे 2022 पर्यंत 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 ला साडेसहा. दोन कोटींच्या कर्जावर अडीच टक्के म्हणजे वर्षाला पाच लाख, आणि त्यात आपण एक नट जादा बनवलेला नाही. 2025 ला दर उतरला म्हणून तू आज कर्ज घ्यायला निघालीस, हे मला कळतं. पण फाइलमध्ये सातही वर्षं तोच दर धरलायस. एक तक्ता दोन टक्के वाढवून कर ना.

गिऱ्हाइकाचं तर विचारूच नकोस. सरकारनं जुलै 2018 ला मालट्रकची वजनाची मर्यादा 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. रस्त्यावर आहेत त्याच गाड्यांत जास्त माल बसायला लागला, नव्या गाड्यांची मागणी बसली, आणि इथं शिरोली, गोकुळ शिरगावात फौंड्र्यांच्या भट्ट्या आठवड्यातले काही दिवस बंद राहायला लागल्या. 2019 च्या ऑगस्टात महापुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, भरलेल्या गाड्या जागेवर. नंतर गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम आणि त्याच सुमारास लॉकडाऊन. त्या दीड-दोन वर्षांत ज्यांनी नवी मशीनं घेतली होती त्यांच्या शेडवर बँकेच्या नोटिसा लागलेल्या मी जाता-येता बघितल्यात. त्यांचं काम वाईट नव्हतं, ताई. आपल्यापेक्षा चांगलं होतं.

हे भाषणच झालं. रागावू नकोस.

आजोबा ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे तेव्हा त्यांचं धोरण एकच, खंडेनवमीला मशीनची पूजा करताना कुणाचं देणं डोक्यावर नको. लोक त्यांना भित्रा म्हणायचे. शेतावर वीज पोचली, इंजिनं मागं पडली, तेव्हा लेथ विकावा लागला नाही तो त्यांच्या त्या भित्रेपणामुळं. पण ते आजच्या दिवसाला पुरत नाही हेही मला दिसतं. आता गिऱ्हाईक ऑडिटला येऊन मशीनचं वय विचारतं. तू चौथीत असताना रविवारी माझ्याबरोबर शेडवर यायचीस, भोकाचं माप घ्यायच्या बोअर गेजची सुई शून्यावर आली की टाळ्या वाजवायचीस, आणि सुई जरा हलली तर तो तुकडा स्वतः उचलून लाल क्रेटमध्ये टाकायचीस. कामगार हसायचे. गेल्या वर्षी हत्यारांच्या खोलीजवळ, टूल क्रिबजवळ, तू रिजेक्शनचा फळा लावलास तेव्हा कुणी हसलं नाही. रोज सकाळी ऑपरेटर आधी तिथं जातात, मग पंच करतात. हे मला कधी करता आलं नसतं. तू धंदा माझ्यापेक्षा पुढं नेणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भीती आहे ती आजीची. ब्याऐंशीव्या वर्षी तिला मंगळवार पेठेतल्या त्या उंबऱ्याबाहेर काढायची वेळ आली तर मी तोंड कुठं लपवू? आत्याही आता फोनवर फक्त तब्येतीचं विचारते, घराच्या कागदांवरच्या सहीचं काही बोलत नाही.

एक सुचवतो, पटलं तर बघ. तीन मशीनऐवजी या वर्षी एक. कर्ज त्या मशीनच्याच तारणावर, उरलेल्या रकमेला तारणाशिवायच्या सीजीटीएमएसई हमीची योजना बसते का ते मॅनेजरना विचार. फ्लँजचा भाव वाढवून माग, नाही दिला तर सोडून दे आणि ते तास बुशला दे. उधारी 60 दिवसांवर आली की दुसरं मशीन, तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही.

उधारीची गिऱ्हाइकवार यादी कुलकर्णी बाईंकडून काढून घेतली आहे, सोबत पाठवतोय. लाल खूण केलेली चार नावं चाकण-भोसरीची आहेत. तिकडं आहेस तर त्यातल्या दोघांना तरी भेटून ये. बँकेत शुक्रवारी जायचं ठरलंय, ते सोमवारवर ढकल. तोवर दोन टक्के वाढीव व्याजाचा तक्ता तयार ठेव, आपण रविवारी दुपारी बसू, आईला तांबडा-पांढरा करायला सांगितलंय. आत्याकडं सही मागायला मी त्या आधी जाणार नाही.

तुझे,
पप्पा