सापळ्यातला शून्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'सापळ्यात पतंग आढळले नाहीत, त्यामुळे धोका कमी' असं वाक्य किडींच्या बातम्यांत अधूनमधून वाचायला मिळतं. पतंग आढळले नसतील. पण त्यावरून धोका कमी कसा ठरतो? कामगंध सापळा मादीच्या वासाने नरांना ओढतो. त्यात लावलेला ल्यूर (वासाचं आमिष) कोणत्या मादीच्या वासाचा होता, हे आधी विचारायला हवं.

मक्यावरची युरोपीय खोडअळी घ्या. तिचे दोन स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीतले दोन गट, आहेत, 'ई' आणि 'झेड'. पतंग भिंगाखाली धरून कितीही न्याहाळले तरी फरक कळत नाही. मी न्याहाळलेत, मान तेवढी अवघडली. फरक आहे वासात. रात्री मादी पोटाचं टोक बाहेर काढून गंध सोडते. त्यात एकाच रेणूची दोन रूपं असतात. झेडच्या मादीत त्यांचं प्रमाण 97 आणि 3, ईच्या मादीत जवळजवळ उलट. झेडचा ल्यूर लावला की झेडचे नर वाऱ्याविरुद्ध नागमोडी उडत थेट सापळ्यात येतात. ईचे नर बांधालगतच्या गवतात खुशाल बसून राहतात. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात दोन्ही स्ट्रेन आढळतात. तिथे एकाच ल्यूरवर मोजलेला शून्य हा एकाच स्ट्रेनचा शून्य.

खरी गंमत जनुकांत आहे. मादीच्या गंधातलं प्रमाण ठरवणारं 'पीजीएफएआर' जनुक 2010 मध्ये उजेडात आलं. नराची आवड मात्र भलत्याच जागी, झेड या लिंग गुणसूत्रावरच्या 'बॅब' जनुकापाशी आहे, हे 2021 मध्ये कळलं. (स्ट्रेनही झेड आणि गुणसूत्रही झेड, पण दोघांचं नातं काही नाही. नावं ठेवणाऱ्यांना दुसरं अक्षर सुचलं नसावं!) म्हणजे गंध एका गुणसूत्रावर आणि त्या गंधाची ओढ दुसऱ्यावर. दोन स्ट्रेनच्या संकरातून झालेल्या मादीचा गंध तर धड इकडचा ना तिकडचा. भरीला वेळेचाही फरक. हिवाळा संपल्यावर अळीने कोषात कधी जायचं, यामागे जैविक घड्याळाची जनुकं आहेत आणि तीही याच झेड गुणसूत्रावर. त्यामुळे एकाचे पतंग उडू लागले तरी दुसऱ्याच्या अळ्या अजून धाटातच असू शकतात. तरीही संकर अधूनमधून होतोच, म्हणून उरलेल्या बऱ्याचशा जनुकांत दोघांत फारसा फरक पडलेला नाही.

हा निव्वळ अभ्यासकांचा विषय नाही. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी मक्यालगत रेफ्युजी, म्हणजे बिगर-बीटी मक्याची पट्टी, लावतात ती तिथले साधे पतंग बीटीला दाद न देणाऱ्या प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि पुढची पिढी बीटीला बळी पडावी म्हणून. एका बाजूला ई आणि दुसऱ्या बाजूला झेड निघाले, तर ती रेफ्युजी असून नसल्यासारखी.

तेव्हा एक विनंती. सापळ्यांचे आकडे छापताना ल्यूर कोणत्या स्ट्रेनचा होता, तेही छापावं. फार तर एक ओळ वाढेल.

आपला,
एक नियमित वाचक