कार्ड काढले, पुस्तक कपाटातच

पुणे, रविवार

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वेब विज्ञानाच्या, म्हणजे वेब आणि समाज यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या, बुधवारच्या गटात तुला बोलावले आहे, तिथे ना नावनोंदणी ना फी ना हजेरी, आणि तरीही ‘मी कायद्याची विद्यार्थिनी, त्या संगणकवाल्यांत जाऊन काय करू’ म्हणून तू दोन आठवडे टाळाटाळ करते आहेस, हे मला पटले नाही.

तू साउदॅम्प्टनला आहेस, म्हणून मुद्दाम लिहिते. नोव्हेंबर २००६ मध्ये तुझ्याच विद्यापीठाने आणि अमेरिकेतील एमआयटीने वेब विज्ञानाचा संशोधन-उपक्रम जाहीर केला, तेव्हाच समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा यांच्यावाचून वेबचा अभ्यास अपुरा राहील, हे त्यात गृहीत धरलेले होते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली, वेंडी हॉल आणि नायजेल शॅडबोल्ट यांच्याबरोबरचे चौथे संस्थापक डॅनियल वाइट्झनर तर कायदाच शिकलेले. त्या खोलीत तू उपरी कशी ठरशील?

हॉल यांचे त्याआधीचे काम मला फार जवळचे वाटते. माउंटबॅटन यांची कागदपत्रे तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली आणि अशा संग्रहातून वाट कशी काढायची, या विचारातून हॉल यांची मायक्रोकॉझम ही संगणक-प्रणाली आकाराला आली. तिच्यात दुवे (लिंक) मजकुरापासून वेगळे साठवलेले असत. मी ३१ वर्षे ग्रंथालयात हेच केले: पुस्तक कपाटात, आणि त्याच्याकडे नेणारे कार्ड तालिकेच्या खणात, पितळी दांडीत ओवलेले. बर्नर्स-ली यांनी दुवा मजकुरातच ठेवला आणि पलीकडचे पान नाहीसे झाले तर दुवा तुटू दिला. माझ्यासारखीला ही ढिलाई खपली नसती, पण ती पत्करली म्हणूनच कुणालाही न विचारता कुणीही दुवा जोडू शकला आणि वेब एवढे पसरले.

गटात रिकाम्या हाताने जाऊ नकोस. मे २०१४ चा युरोपीय न्यायालयाचा निकाल घेऊन जा. स्पेनमधील एका गृहस्थाच्या थकबाकीपायी झालेल्या लिलावाची १९९८ मधली जाहिरात गूगलवर त्यांच्या नावाने शोधले की पुढे येत असे. वृत्तपत्रातील मजकूर तसाच राहिला, परंतु गूगलने नावाच्या शोधातून तो दुवा काढावा, असे ठरले. म्हणजे कार्ड काढले, पुस्तक कपाटातच! ‘मूळ मजकूर तर आहेच, मग बिघडले काय’ असे कुणी म्हणाले, तर माझा अनुभव सांग. आमच्याकडे कापसाच्या लागवडीवरील एका जुन्या पुस्तकाची कार्डे चुकून निघाली होती. वार्षिक साठा-तपासणीत पुस्तक दर वेळी जागेवर सापडे, पण पुस्तक नेताना जिच्यावर शिक्का मारत, त्या तारीख-चिठ्ठीवर पुढची सहा वर्षे एकही शिक्का पडला नाही. ती चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते.

त्या गृहस्थांना दिलासा मिळाला, हे मला योग्यच वाटते. पण कोणते कार्ड काढायचे, हे आधी एका खाजगी कंपनीने ठरवावे, हे मात्र मनाला लागते. यावर कायद्याचे उत्तर काय आणि शोधयंत्र बांधणाऱ्यांचे काय, ते तिथे एका टेबलाशी बसून ऐक, तुझेही मत ठामपणे मांड, आणि बुधवारी रात्री कितीही उशीर झाला तरी मला फोन कर. मी जागी असेन.

तुझी,
आई