लंगडणाऱ्या पोराला वेळीच दवाखान्यात नेऊ या : ग्रामस्थांना मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पोरंही सोबत जातात. फडावर एखाद्याचा पाय दुखायला लागला की ‘मुरगळला असेल’ म्हणून तेल लावून चोळतात. दवाखान्यात न्यायचं तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. आईबापाला पोराची काळजी नसते असं कुणी म्हणू नये.

पण गुडघ्याजवळचं हाड दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, रात्री ठणकत असेल, पोर थोडं लंगडत असेल, तर हाडात इन्फेक्शन असू शकतं. त्याचा एक प्रकार फार फसवा आहे. ताप नसतो, असला तर नुसती कणकण. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही बऱ्याचदा ठीक येतात. आत मात्र पू साठलेला असतो. ब्रोडी या इंग्रज सर्जननं १८३२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्याला ‘ब्रोडीज ॲब्सेस’ म्हणतात.

सुरुवातीच्या दहा-बारा दिवसांत एक्स-रेत काहीच दिसत नाही असंही होतं. दुखणं थांबलं नाही तर परत दाखवा. डॉक्टर एमआरआय सांगतील. हाडाचा टीबी आणि कॅन्सरही पहिल्यांदा असाच दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांनी हाडातला नमुना तपासायला सांगितला तर घाबरून घरी परतू नका. दुखरी जागा चोळू नका, दुकानातून मनानं गोळ्या आणू नका. पू खरवडून काढावा लागला तरी आणि साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक घ्यावं लागलं तरी, कोर्स पुरा केला की बहुतेक मुलं बरी होतात. अर्धवट सोडला तर दुखणं उलटतं.

अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात हाडांचे डॉक्टर आहेत. अडतं ते जाण्या-येण्याचं भाडं, तिथं राहण्या-जेवण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांपाशी. त्यासाठी आम्ही निधी जमवत आहोत. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनीही हातभार लावावा. जीपवाल्यांनी महिन्यातली एखादी फेरी द्यावी. मुकादमांना हात जोडून विनंती, अशा पोराच्या आईबापाचा खाडा धरू नका. गुरुजी आणि बाईंनी वर्गातलं लंगडणारं मूल दिसताच आशाताईंना कळवावं.

रक्कम ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी आणि पावती घ्यावी. जमा-खर्च दर ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. टोळ्या निघायच्या आधी दुखऱ्या पायाची सगळी पोरं तपासून घ्यायची आहेत, तेव्हा मदत या पंधरवड्यातच पोचवावी.

आपली,
ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती