बाबांच्या गोळ्या

॥ श्री ॥
सदाशिव पेठ, पुणे ३०

चि. सलील यास अनेक आशीर्वाद.

मुग्धाचे दिवस भरत आलेत. मी पुढच्या आठवड्यात नाशिकला निघते आणि तू इथे बाबांजवळ राहायला येतो आहेस, त्यामुळे माझा जीव बराच हलका झाला आहे. एका गोष्टीची काळजी मात्र आहे, ती म्हणजे बाबांच्या गोळ्या. फोनवर सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र वाचून झालं की फ्रिजवर लावून ठेव.

सकाळी नाश्त्यानंतर त्यांना ॲम्लोडिपीन असते, ५ मिलिग्रॅमची. ती साधी बीपीची गोळी. रात्री झोपताना प्राझोसिन असते आणि माझा सगळा भर तिच्यावर आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू ती सैल करते, म्हणून बीपी उतरतं. तसेच स्नायू प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशीही असतात. वाढलेली प्रोस्टेट लघवीच्या नळीभोवती मुठीसारखी आवळलेली असते, ती मूठ या गोळीने थोडी सुटते आणि धार मोकळी होते. प्रोस्टेट स्वतः काही लहान होत नाही. गोळी एकच आणि उपयोग दोन, म्हणून डॉक्टरांनी बाबांसाठी ती निवडली. नुसत्या बीपीसाठी मात्र ही पहिली निवड आता राहिलेली नाही. याच गटातल्या डॉक्साझोसिनची अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत तुलना चालू होती. लघवी वाढवणाऱ्या जुन्या, स्वस्त गोळीपेक्षा डॉक्साझोसिनवरच्या रुग्णांत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची ताकद कमी पडून सूज येणं, दम लागणं, जवळपास दुप्पट दिसलं, म्हणून २००० साली चाचणीचा तेवढा भाग मध्येच थांबवला. बाबांच्या पावलांवर थोडी सूज दिसली तर ती ॲम्लोडिपीनचीही असू शकते, डॉक्टरांच्या कानावर घाल. पण सुजेबरोबर दम लागायला लागला, किंवा आडवं झाल्यावर श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर त्याच दिवशी दाखवून आण.

या गोळीचा खरा धोका उठून उभं राहण्याच्या क्षणी असतो. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. एरवी वाहिन्या लगेच आवळतात आणि मेंदूकडे रक्त जात राहतं. या गोळीने त्या आवळायला उशीर करतात, मग डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी माणूस कोसळतो. सुरुवातीच्या डोसनंतर हे सगळ्यात जास्त होतं, बहुधा अर्ध्या ते दीड तासात. म्हणून सुरुवात कमी डोसने करतात आणि गोळी झोपताना देतात. त्यात आपल्या घरचा पेच असा, की प्रोस्टेटमुळे बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणजे ज्या वेळी पडून राहायला हवं नेमकं त्याच वेळी. पॅसेजमध्ये मी झिरोचा बल्ब लावला आहे, तो रात्रभर चालू राहू दे. बाथरूमच्या दारातलं पायपुसणं काढून टाकलं आहे, ते परत घालू नकोस. बाबा पलंगावर उठून बसतात, पाय खाली सोडतात, पावलं थोडा वेळ वरखाली हलवतात आणि मगच पलंगाची कड धरून उभे राहतात. घाईची लागली की हे विसरतात. आवाज आला की तू नुसतं "बाबा, सावकाश" म्हण, तेवढ्याने थांबतात. लघवीही बसूनच करायला सांग.

गोळी एखाद्या रात्री राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. काही कारणाने ओळीने चार-पाच दिवस खंड पडला, तर जुन्याच डोसने पुन्हा सुरू करायची नाही. शरीराची सवय मोडलेली असते आणि पहिल्या दिवशीसारखी भोवळ येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून विचारायचं, ते बहुतेक कमी डोसपासून चढवत नेतात. बाबांची ही गोळी हळूहळू औषध सोडणारी आहे, ती अख्खीच गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, कुटून द्यायची नाही. रिकामं टरफल कधी शौचात दिसलं तर घाबरू नका, औषध पोटात गेलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागे बाबांना युरॉलॉजिस्टकडे नेलं, तेव्हा त्यांनी फक्त लघवीचं विचारलं, बीपीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलंच नाही, आणि चिठ्ठीवर टॅमसुलोसिन लिहून दिली. घरी आल्यावर मी दोन्ही स्ट्रिप टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, पण दोन्ही एकाच गटातल्या. दोन्ही एकदम घेतल्या असत्या तर बीपी किती खाली गेलं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. लगेच युरॉलॉजिस्टना फोन लावला, आपल्या फॅमिली डॉक्टरांशीही बोलले, आणि एकीवरच ठेवायचं ठरलं. मी औषधांच्या काउंटरवर आयुष्य काढलंय म्हणून माझ्या ध्यानात आलं, दर घरात असं कोणी नसतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्यासुद्धा, जाताना सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ओत. नुसती नावं सांगू नकोस. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो तेव्हा एक्सपायरी छापलेला तुकडा कधी त्याच्याकडेच राहतो, म्हणून अख्खी स्ट्रिपच माग.

मोतीबिंदूची तपासणी तू असतानाच आहे. विचारल्याशिवाय तिथे काही सांगायचं नाही असं बाबांनी ठरवलं असलं, तरी तू स्वतःहून सांग की ते प्राझोसिन घेतात. या गटातल्या गोळ्यांनी ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही आणि भोवतीचा रंगीत पडदा ढिला पडून मध्ये येतो. टॅमसुलोसिनच्या रुग्णांत डोळ्यांच्या सर्जनांनी हे २००५ साली नोंदवलं. आधी कळलं तर सर्जन तयारीनिशी उतरतात. गोळी चार दिवस बंद ठेवल्याने धोका टळतोच असं नाही, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

सर्दी झाली तर दुकानातून सर्दीची गोळी आणू नकोस. त्यांतल्या बहुतेकींत फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिल्याने बीपी चढतं, दोन्हींनी लघवी तुंबू शकते. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनही नको, त्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. भजनाच्या आदल्या दिवशी घसा धरला की बाबा ज्येष्ठमधाची कांडी चघळत बसतात. रोज चघळली तर तीही बीपी वाढवते आणि अंगातलं पोटॅशियम कमी करते. मी डबा कपाटात वर ठेवला आहे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लाव. आणखी एक. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांबरोबर ही गोळी बीपी एकदम पाडू शकते. काउंटरवर ज्येष्ठ माणसं संकोचाने बाकीच्या गोळ्यांबद्दल बोलत नसत, मीच हळू आवाजात विचारून घ्यायची. तू मोठा आहेस, बाबांशी एकदा मोकळेपणी बोलून ठेव.

रात्री उठावं लागू नये म्हणून ते दिवसभरच पाणी कमी पितात. ऐन उन्हाळ्यात हे फार वाईट, बीपी आणखी उतरतं. दिवसा भरपूर प्यायला दे, संध्याकाळी सातनंतर कमी कर. पर्वती चढायला जाऊ देत, पण पाण्याची बाटली बरोबर असू दे. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचार.

बीपी घेताना पाच मिनिटं शांत बसवून, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवून घे. चहा अर्धा तास आधी झालेला असावा. मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर वहीत लाल पेनाने लिही आणि डॉक्टरांना कळव. वही देवघराच्या खणात आहे.

लघवी पूर्ण अडकली आणि ओटीपोट फुगून दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच हॉस्पिटल गाठ. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय गळाला, तर १०८ लाव. आकडा जास्त आला म्हणून आपल्या मनाने जादा गोळी देऊ नकोस आणि बरं वाटतंय म्हणून बंदही करू नकोस. बाबा गोळी बंद करायचा हट्ट धरतील, "आता बीपी नॉर्मल आहे, कशाला" म्हणतील. ते नॉर्मल आहे ते गोळीमुळेच, हे त्यांना माझ्यापेक्षा तू सांगितलेलं जास्त पटतं.

गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणून ठेवल्या आहेत. पोचलास की पहिल्याच रात्री मला फोन कर, स्ट्रिप समोर घेऊन बस, आपण एकेक वाचू.

तुझी,
आई