लावलेल्या रोपांना मे महिन्यात पाणी कोण घालणार?

महोदय,

पर्यावरण दिन ५ जूनला, आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. म्हणून वृक्षारोपण नंतर सवडीने उरकले जाते. आमच्या गावच्या शाळेत गेली कित्येक वर्षे त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागतात. जाळीवर देणगीदाराचे नाव ठळक, आत वाळलेली काडी. मे महिन्यात पोरांना सुट्टी असते, शेळ्यांना नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले. नववी-दहावीला जलसुरक्षा विषयही आला. पण प्रकल्पवह्या बहुधा झेरॉक्सच्या दुकानातच तयार होतात. शेजारच्या विहिरीची पातळी महिन्यातून एकदा दोरीने मोजून फळ्यावर लिहायला कितीसा खर्च येतो? विहीरमालकाची परवानगी तेवढी हवी. एखाद्या धनगर आजोबांना तासभर वर्गात बोलवा. सीताफळाला शेळी सहसा तोंड लावत नाही, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. आम्ही मात्र दरवर्षी शोभेची रोपे आणतो!

शाळा व्यवस्थापन समितीने पुढच्या बैठकीत ग्रामपंचायत आणि बचत गटांना बोलावून सुट्टीतल्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. मे महिन्याचा पहिला आठवडा आमच्या आळीकडे लिहून घ्यावा.

– एक पालक